रंगखोलीचा निर्णय : मुंबईच्या मुद्रण व चित्रपट परंपरेच्या संदर्भात संगणकीय प्रतिमा-फाइलीची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकाने तयार केलेले चित्र आणि फाइलीत साठवले गेलेले चित्र हे एकच असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः या दोहोंच्या मध्ये एक निर्णय उभा असतो. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी किती बिट खर्च करायचे, म्हणजेच किती छटा ठेवायच्या आणि किती सोडून द्यायच्या, हा तो निर्णय होय. तंत्रज्ञानाच्या परिभाषेत यालाच रंगखोली असे म्हणतात. संगणकशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत या विषयाला बहुधा एखादे कोष्टक मिळते : १ बिट म्हणजे २ रंग, ८ बिट म्हणजे २५६ रंग, २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ रंग. या कोष्टकातून विद्यार्थ्याच्या मनावर एकच गोष्ट ठसते, ती म्हणजे बिट जितके अधिक तितके चित्र चांगले.

प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे. रंगखोली ही केवळ तांत्रिक मोजणी नसून तो एक मूल्यनिर्णय आहे, आणि हा निर्णय कोण घेतो हा प्रश्न किती बिट या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, अशी या लेखाची भूमिका आहे. या भूमिकेच्या पुष्टीसाठी मुंबईच्या रंगमुद्रणाचा आणि चित्रपटाचा इतिहास आधारास घेतला आहे. दादर, गिरगाव, परळ या परिसराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रंग मोजून वापरण्याच्या अनेक पद्धती जवळून पाहिल्या आहेत, आणि संगणकाच्या फाइलीने त्यांपैकी प्रत्येक पद्धत नकळत पुन्हा स्वीकारली आहे.

रेंडरिंगकडून फाइलीकडे

त्रिमितीय दृश्याचे रेंडरिंग करताना संगणक प्रकाशाचे गणित दशांश-संख्यांत करतो. दिव्याची ज्योत भिंतीच्या पांढऱ्या रंगापेक्षा हजारपट प्रखर असली, तरी गणिताच्या पातळीवर त्यास अडचण नसते. मात्र हे चित्र सर्वसाधारण फाइलीत उतरवताना काही पायऱ्या ओलांडाव्या लागतात. प्रथम अतिप्रखर मूल्ये मर्यादेत आणली जातात. नंतर मानवी दृष्टीच्या स्वभावाला अनुसरून मूल्यांना एक वक्र लावला जातो. अखेरीस ती मूल्ये ० ते २५५ या पूर्णांकांत बसवली जातात. या शेवटच्या पायरीवर जे अपूर्णांक गळून पडतात ते पुन्हा मिळत नाहीत. आठ बिटांची फाइल पुढे सोळा बिटांत रूपांतरित केली, तरी केवळ फाइलीचा आकार वाढतो. गमावलेल्या छटा परत येत नाहीत.

यातील वक्राचे महत्त्व अनेकदा दुर्लक्षिले जाते. डोळ्याला मध्यम करडा वाटणारा पृष्ठभाग प्रत्यक्षात सुमारे १८ टक्केच प्रकाश परावर्तित करतो. वक्र न लावता तो आठ बिटांत साठवला, तर त्याच्याखालच्या सर्व गडद छटांसाठी अवघ्या ४६ पायऱ्या उरतात. १९९६ मध्ये पुढे आलेल्या एसआरजीबी या मानकाचा वक्र लावल्यास त्याच भागाला सुमारे ११८ पायऱ्या मिळतात. बिटांची संख्या दोन्ही ठिकाणी तीच असते; फरक पडतो तो त्यांच्या वाटपाने. तेव्हा किती बिट एवढ्यानेच रंगखोलीचा प्रश्न सुटत नाही, हे येथेच स्पष्ट होते.

पायऱ्या अपुऱ्या पडल्या म्हणजे काय घडते, हे एका साध्या उदाहरणाने पाहता येईल. संध्याकाळच्या आकाशाचा २००० पिक्सेल रुंदीचा भाग १०० पासून १४० या मूल्यापर्यंत हळूहळू उजळत जातो, असे मानू. आठ बिटांत येथे केवळ ४० पायऱ्या उपलब्ध आहेत. म्हणजे प्रत्येक पायरी ५० पिक्सेल रुंदीचा पट्टा होऊन बसते. सोळा बिटांत त्याच अंतरात दहा हजारांहून अधिक पायऱ्या असल्याने पट्टा पडण्याचे कारणच उरत नाही. गणेशोत्सवाच्या दिवसांत लालबाग-परळच्या रस्त्यांवर लागणाऱ्या फ्लेक्स फलकांच्या पार्श्वभूमीवर बहुधा अशीच विरत जाणारी आभा असते. वीस फूट रुंदीच्या फलकावर वरील ४० पायऱ्या पसरल्या, तर प्रत्येक पट्टा अर्धा फूट रुंद होईल. संगणकाच्या लहान पडद्यावर जो दोष लक्षात येत नाही, तो रस्त्यावरून जाणाऱ्या सामान्य माणसालाही दिसू शकतो.

दगड, ठिपका आणि फिल्म : तीन पूर्वपद्धती

संगणकाच्या आधी मुंबईत रंग कसे मोजले जात होते, याचा विचार आता करावयाचा आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला व १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवण्यात आला. रंगीत शिळामुद्रणात प्रत्येक शाईसाठी स्वतंत्र दगड लागे. चित्रात दहा-बारा रंग हवे असतील, तर तितकेच दगड घासून तयार करावे लागत, तितक्याच वेळा कागद यंत्रातून जाई आणि प्रत्येक वेळी तो आधीच्या छापाशी तंतोतंत जुळवावा लागे. तैलचित्रातील असंख्य छटा किती दगडांत बसवायच्या, हे दगडावर चित्र उतरवणारा कारागीर ठरवी. चेहऱ्याच्या कांतीसाठी दोन दगड अधिक द्यायचे की शालूच्या काठासाठी, हा त्याच्यापुढचा प्रश्न असे. आजच्या भाषेत ही रंगसूची-पद्धती होय. १९८७ मध्ये आलेल्या जिफ या फाइल-प्रकारात पिक्सेलजवळ रंग नसून २५६ रंगांच्या सूचीतील एक क्रमांक असतो. कोणते २५६ रंग निवडायचे हे आता आज्ञावली ठरवते, एवढाच काय तो फरक. मात्र हा फरक लहान नाही. आज्ञावली सहसा संख्येने अधिक असलेल्या पिक्सेलकडे झुकते. कारागीर अर्थाने अधिक असलेल्या भागाकडे पाहत असे. देवीच्या कपाळावरील कुंकू चित्राचा फार थोडा भाग व्यापते, पण त्याचा दगड वगळण्याचा विचार कोणताही कारागीर करणार नाही.

दुसरी पद्धती ठिपक्यांची. सर ज. जी. कला शाळेत शिकलेले आणि रविवर्मा छापखान्यासाठी काम केलेले धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनी दादर येथे छापखाना चालवला व रंगीत छपाईची यंत्रसामग्री मिळवण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीची वाट धरली. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. परंतु १९१२ मध्ये दादरलाच 'राजा हरिश्चंद्र'चे काम हाती घेण्यापूर्वीची त्यांची अनेक वर्षे छायाचित्रण व मुद्रणाच्या व्यवसायात गेली होती, हे या संदर्भात लक्षात घेणे आवश्यक आहे. त्या काळात प्रगत होत असलेल्या त्रिरंगी छपाईत चित्र गाळण्यांच्या साहाय्याने तीन मूळ रंगांत विभागले जाई व प्रत्येकाचा ठिपक्यांचा ठसा तयार होई. या ठशावर कोणत्याही एका जागी दोनच शक्यता असतात : शाई आहे किंवा नाही. म्हणजे प्रत्येक रंगाला केवळ एक बिट. तरीही वाचकाला मऊ छटा दिसते, कारण ठिपक्याचा आकार लहानमोठा होतो आणि डोळा त्यांची सरासरी काढतो. छटांची उणीव येथे जागेच्या बारकाईने भरून काढली जाते. संगणकशास्त्रात डिदरिंग म्हणून शिकवले जाते ते तत्त्वतः हेच. रॉबर्ट फ्लॉइड व लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका पिक्सेलवर झालेली चूक शेजारच्या पिक्सेलांवर वाटून दिली जाते, त्यामुळे मोजक्या रंगांतही विरत जाणारी आभा टिकते. आठ बिटांच्या फाइलीत लिहिण्यापूर्वी किंचित डिदरिंग केल्यास वर सांगितलेल्या आकाशातील पट्टे बव्हंशी नाहीसे होतात. बिट न वाढवताही चित्र सुधारते, हा या पद्धतीचा धडा होय.

तिसरी पद्धती चित्रपटाच्या फिल्मची. फिल्मवर पायऱ्या मोजता येत नाहीत. छटा अखंड असते. तथापि अखंड छटा म्हणजे अमर्याद रंग नव्हेत. आर्देशर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा 'किसान कन्या' हा १९३७ चा चित्रपट सिनेकलर या दोन रंगांच्या प्रक्रियेत तयार झाला. त्यात प्रत्येक रंगाच्या छटा अखंड होत्या, पण दोनच रंगांच्या मिश्रणातून सर्व वर्ण साधणे शक्य नव्हते. याउलट परळच्या राजकमल कलामंदिरात व्ही. शांताराम यांनी निर्मिलेला 'झनक झनक पायल बाजे' हा १९५५ चा चित्रपट टेक्निकलरच्या झगमगत्या वर्णविस्तारासाठी ओळखला जातो. या दोन चित्रपटांच्या तुलनेतून एक मूलभूत भेद हाती लागतो. रंगांचा विस्तार ही एक गोष्ट आणि छटांची बारकाई ही दुसरी. रंगखोली दुसरीचे मोजमाप आहे, पहिलीचे नाही. 'किसान कन्या'सारख्या चित्रपटाची चौकट अठ्ठेचाळीस बिटांच्या फाइलीत ठेवली, तरी तिच्यात नसलेले वर्ण त्या फाइलीत उगवणार नाहीत.

फिल्मचे संगणकीकरण करताना या अखंड छटेला अखेर पायऱ्यांत बसवावेच लागते. कोडॅकच्या सिनिऑन पद्धतीने १९९० च्या दशकात त्यासाठी दहा बिटांचे, म्हणजे १०२४ पायऱ्यांचे लघुगणकीय मोजमाप रूढ केले. रेंडरिंगच्या क्षेत्रात इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने २००३ मध्ये खुला केलेला ओपन-ईएक्सआर हा फाइल-प्रकार त्याहून पुढे गेला. त्यात पूर्णांकांऐवजी सोळा किंवा बत्तीस बिटांच्या दशांश-संख्या साठवता येतात, त्यामुळे दिव्याची प्रखरता आणि सावलीचा बारकावा दोन्ही एकाच फाइलीत राहतात. अशा फाइलीचा लाभ पाहण्यापुरता नसून पुढील संस्कारासाठी असतो. अंधाऱ्या प्रसंगातील ३० पायऱ्यांचा भाग चौपट उजळला, तर आठ बिटांत त्या ३० पायऱ्याच १२० पायऱ्यांच्या जागेत विखुरतात व मध्ये पोकळी राहते. मूळ फाइल खोल असेल, तर ही पोकळी भरण्यास साहित्य उपलब्ध असते.

अधिक म्हणजे उत्तम काय?

यावरून सर्वच चित्रे सोळा वा बत्तीस बिटांत ठेवावीत असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. मराठी दिवाळी अंकांच्या चित्रपरंपरेतून याचे उत्तर मिळते. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांच्या कृष्णधवल रेषाचित्रांत अर्थ वाहते ती रेषा. रेषेचा वेग, तिची जाडी आणि तिने मोकळी सोडलेली जागा यांत त्या चित्राचे सौंदर्य आहे. असे चित्र पीएनजी प्रकारात मोजक्या करड्या छटांसह, पण उच्च विभेदनाने ठेवले, तर रेषेची धार शाबूत राहते आणि फाइलही लहान होते. तेच चित्र चोवीस बिटांच्या जेपीईजी फाइलीत दाबून बसवले, तर कोट्यवधी रंगांची सोय असूनही रेषेच्या कडेला करड्या ठिपक्यांची धूळ जमते. येथे अधिक खोली निरुपयोगी ठरते. एवढेच नव्हे, तर त्या आकड्याच्या भरवशावर चुकीचा फाइल-प्रकार निवडला जातो.

रघुवीर मुळगावकर यांच्या देवदेवतांच्या चित्रांची गोष्ट नेमकी उलट आहे. स्प्रेच्या तंत्राने साधलेली मऊ कांती, मुखाभोवती विरत जाणारे तेज आणि पार्श्वभूमीचे धूसर आकाश हा त्या चित्रांचा प्राण आहे. २५६ रंगांच्या सूचीत ती बसवली, तर तेजोवलयाची वर्तुळे होतात आणि गालावर नकाशातल्यासारख्या सीमारेषा उमटतात. ज्या गुणामुळे ही चित्रे घरोघरी भिंतीवर लागली, नेमका तोच गुण फाइल हिरावून घेते. तथापि येथेही एक प्रश्न उरतो. आज हाती असते ती बहुधा मूळ कलाकृती नसून तिची छापील प्रत, म्हणजेच चार शायांच्या ठिपक्यांची जाळी. स्कॅनर सोळा बिटांत नोंदवतो ती कुंचल्याची छटा नव्हे, तर कागद, शाई आणि ठिपका यांची. ठिपके जसेच्या तसे जपावेत की त्यांना वितळवून मूळ छटेचा आभास निर्माण करावा? पहिला मार्ग मुद्रणाच्या इतिहासाशी प्रामाणिक राहतो, तर दुसरा चित्रकाराच्या हेतूशी. दोन्ही मार्ग समर्थनीय आहेत. परंतु कोणता मार्ग घेतला हे न सांगणे मात्र समर्थनीय नाही.

कलेबाहेरच्या विद्याशाखांनाही हा विचार लागू पडतो. परळ ही केईएम आणि टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांची वस्ती आहे. वैद्यकशास्त्रातील सीटी स्कॅनच्या प्रतिमेत सर्वसाधारणपणे बारा बिटांची, म्हणजे ४०९६ पातळ्यांची नोंद असते. डॉक्टर त्यातील हवा तो पल्ला निवडून कधी हाड, कधी फुप्फुस, तर कधी मऊ ऊती पाहतात. हीच प्रतिमा सरसकट आठ बिटांच्या फाइलीत उतरवली, तर शेजारशेजारच्या सोळा पातळ्या एकाच छटेत मिसळून जातात. एकच पल्ला निवडून उतरवली, तर बाकीचे पल्ले कायमचे नाहीसे होतात. शोधप्रबंधात छापण्यासाठी असे करण्यास हरकत नाही. मात्र तीच प्रतिमा पुढील संशोधनाचा आधार म्हणून वापरली, तर निष्कर्षाचा पायाच डळमळीत होतो. भूगोलातील उपग्रहचित्रे आणि पुराभिलेखातील हस्तलिखितांच्या प्रतिमा यांनाही हीच कसोटी लावावी लागेल.

निर्णयाचे अदृश्य होणे

शिळामुद्रणाच्या काळात रंगखोलीला किंमत होती आणि ती डोळ्यांना दिसत होती. एक दगड वाढला की मजुरी वाढे, वेळ वाढे, प्रत महाग होई. त्यामुळे छापखान्याचा मालक, कारागीर आणि चित्रकार या तिघांनाही हा निर्णय जाणीवपूर्वक घ्यावा लागे. संगणकाने ही किंमत जवळजवळ नाहीशी केली. ४००० गुणिले ६००० पिक्सेलची प्रतिमा चोवीस बिटांत सुमारे ७२ मेगाबाइट आणि अठ्ठेचाळीस बिटांत सुमारे १४४ मेगाबाइट जागा घेते. दाबण्यापूर्वीचा हा फरक आजच्या साठवण-साधनांच्या दृष्टीने फार मोठा नाही. परंतु किंमत गेली तशी जाणीवही गेली. ब्लेंडरसारख्या विनामूल्य आज्ञावलीत पीएनजीसाठी आठ किंवा सोळा, तर ओपन-ईएक्सआरसाठी सोळा किंवा बत्तीस बिट असा पर्याय समोर मांडलेला असतो. जेपीईजी निवडले, तर आठ बिटांवाचून पर्यायच राहत नाही. तरीही पर्यायाकडे न पाहता फाइल साठवणे हीच सवय होऊन बसते. निर्णय होतोच, पण तो घेणारा कोणी नसतो.

याचा परिणाम केवळ सौंदर्यदृष्टीपुरता मर्यादित नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या छापील चित्रांचा कागद पिवळा पडतो, शाया फिक्या होतात, फिल्म आकसते. उद्या मूळ वस्तू नष्ट झाली, तर फाइल हीच एकमेव साक्ष उरेल. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जुने अंक, पोस्टर आणि छायाचित्रे यांचे संगणकीकरण होते, तेव्हा ही साक्ष कितपत पुरी राहील हे त्या क्षणी निवडलेल्या एका पर्यायावर अवलंबून असते. पुढील पिढीतील अभ्यासकाला फाइलीत दिसणारा पट्टा चित्रकाराने काढला, छापखान्याने निर्माण केला की संगणकाने पाडला, हे ओळखण्याचे साधन त्या वेळी उरलेले नसेल. चुकीच्या रंगखोलीचा खरा धोका येथे आहे. ती माहिती पुसते, आणि पुसल्याची खूणही मागे ठेवत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. रंगखोली, रंगांचा विस्तार आणि विभेदन या तीन स्वतंत्र बाबी आहेत. शिळामुद्रण, ठिपक्यांची छपाई व फिल्म या तीन पद्धतींनी त्यांचा मेळ तीन निरनिराळ्या प्रकारे घातला. अध्यापनात केवळ बिटांचे कोष्टक न देता हा भेद उदाहरणांसह समजावून देणे आवश्यक आहे.

२. योग्य रंगखोली चित्राच्या स्वरूपावरून ठरते. रेषाप्रधान चित्राला मोजक्या छटा पुरतात. विरत जाणाऱ्या छटांच्या चित्राला अधिक खोली किंवा विचारपूर्वक केलेले डिदरिंग लागते.

३. मूळ प्रत आणि वापराची प्रत वेगळी असावी. रेंडरिंगचे किंवा स्कॅनिंगचे फलित प्रथम शक्य तेवढ्या खोलीत जतन करावे व खोली कमी करण्याची क्रिया अगदी शेवटी, प्रत्येक उपयोगासाठी स्वतंत्रपणे करावी.

४. खोली कमी केली असल्यास ती किती, कोणत्या पद्धतीने व कोणत्या हेतूने केली याची नोंद फाइलीसोबत ठेवावी. संशोधनात वापरलेल्या प्रतिमांबाबत ही नोंद साधनसामग्रीच्या वर्णनाचाच भाग मानली जावी.

शिळाछापाच्या कारागिराजवळ मोजके दगड होते, म्हणून त्याला निवड करावी लागली, आणि निवड करावी लागली म्हणून त्याने चित्राकडे निरखून पाहिले. आजच्या विद्यार्थ्याजवळ दगडांची उणीव नाही. त्याला निरखून पाहण्याची सवय लावणे हे काम यंत्राचे नसून अध्यापकाचे आहे.